पत्र्याच्या पेटीतले कागद

आमच्या गावच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तिची किल्ली अजून आजीच्या कमरेच्या पिशवीतच असते. पेटीत सातबाऱ्याचे पिवळे पडलेले उतारे आहेत, शेतसाऱ्याच्या पावत्या आहेत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा जपलेला 'बत्तीस म'चा दाखला आहे. कूळ कायद्याखाली पावणेदोन एकर जमीन पणजोबांच्या नावावर झाली, त्याचा हा कागद. घड्यांच्या जागी तो इतका विरलाय की उलगडताना आजी श्वास रोखून धरते. 'कसेल त्याची जमीन' हे तीन शब्द आजोबा दिवेलागणीला देवाचं नाव घ्यावं तसे उच्चारायचे.

मी पुण्यात इतिहास घेऊन एम.ए. करते आणि संध्याकाळी स्पॅनिश शिकते. गेल्या वर्षी वर्गात भाषांतरासाठी एक वाक्य आलं: ला तिएर्रा एस दे किएन ला त्राबाहा. मी क्षणभरही न थांबता वहीत लिहिलं, कसेल त्याची जमीन. सरांनी सांगितलं, ही मेक्सिकोच्या क्रांतीतली घोषणा, एमिलियानो सापाताच्या नावाशी जोडलेली. त्या रात्री मला झोप लागेना. मेक्सिको स्वतंत्र झाला १८२१ मध्ये. सापाता बंदूक घेऊन उभा राहिला तो १९११ मध्ये. स्पेनचा राजा जाऊन नव्वद वर्षं उलटली होती. मग तो जमीन मागत होता ती कोणाकडून?

हा प्रश्न आज जुना झालेला नाही. मार्च २०१९ मध्ये मेक्सिकोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आंद्रेस मानुएल लोपेस ओब्रादोर यांनी स्पेनचे राजे सहावे फेलिपे यांना पत्र लिहून मागणी केली, की पाचशे वर्षांपूर्वीच्या आक्रमणात मूळ रहिवाशांवर जे अत्याचार झाले त्याबद्दल माफी मागा. स्पेनच्या सरकारने ती साफ फेटाळली. पुढे २०२४ मध्ये क्लाउदिया शेनबाउम राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा शपथविधीचं आमंत्रणच राजाला गेलं नाही आणि मग स्पेनच्या सरकारनेही कोणाला पाठवलं नाही.

माफी मागायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जो राजमुकुट त्या लुटीवर पोसला गेला, त्याला ती लूट कबूल करायला संकोच कसला? पण लॅटिन अमेरिकेतली आजची विषमता म्हणजे स्पेनने मागे टाकलेला वारसा, एवढ्यावर विषय संपवणं मला पटत नाही. ते अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं झाकायला फार सोयीचं आहे. स्पेनने घाव घातला. तो चिघळत ठेवण्याचं, आणि काही ठिकाणी त्याहून खोल घाव घालण्याचं काम स्वतंत्र झालेल्या देशांनी केलं. तेही स्वातंत्र्य, समता, प्रगती हे शब्द उच्चारत.

आधी स्पेनच्या नावावरची बाकी मांडते, म्हणजे पुढच्या लिहिण्याचा अर्थ कोणी 'स्पेन बरा होता' असा घेणार नाही.

आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर उंचीवर पोतोसी नावाचं गाव आहे. त्याच्या डोक्यावर एक शंकूसारखा लालसर डोंगर. नाव सेर्रो रिको, श्रीमंत डोंगर. १५४५ मध्ये तिथे चांदी सापडली. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदोने तिथे मिता लावली. ठरवून दिलेल्या प्रांतांतल्या प्रौढ पुरुषांपैकी दर सातांतला एक, दर वर्षी, खाणीच्या कामाला. मिता हा इंकांच्या काळातला शब्द, अर्थ पाळी. आपल्याकडे त्याला वेठच म्हटलं असतं. माणसं बायकापोरांसह, लामा नावाच्या ओझ्याच्या जनावरांच्या पाठीवर शिधा लादून आठवडे चालत यायची. कित्येक परत गेलीच नाहीत. खनिजातून चांदी सोडवायला पारा लागे, तो पेरूमधल्या उआंकावेलिकाच्या खाणीतून येई, आणि तिथेही मिताच. ही चांदी स्पेनमधल्या सेव्हियाला गेली, मनिलाला गेली आणि फिरत फिरत सुरतेच्या टांकसाळीत येऊन तिचे रुपयेही पडले. बोलिव्हियाच्या राजचिन्हावर आजही तो डोंगर आहे.

मिता १८१२ मध्ये स्पेनमधल्या काडिसच्या संसदेने रद्द केली. अर्थतज्ज्ञ मेलिसा डेल यांनी दोनशे वर्षांनंतर पेरूमध्ये मिताच्या जुन्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची गावं शेजारी ठेवून तपासली. २०१० मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. ज्या बाजूला वेठ होती, तिथल्या घरांचा खर्च आजही सुमारे २५ टक्क्यांनी कमी, आणि मुलांची वाढ खुंटण्याचं प्रमाण जास्त. हा आकडा पुष्कळ जण स्पेनविरुद्धचा पुरावा म्हणून वापरतात, आणि तो आहेच. पण डेल यांनी पुढे कारणं शोधली आहेत, ती कमी वाचली जातात. त्या गावांपर्यंत रस्ते कमी पोचले. सामूहिक मालकी स्वतंत्र पेरूने मोडली, पण शेतकऱ्याच्या नावाचा टिकेल असा कागद काही दिला नाही. जमिनी बळकावल्या गेल्या, बंडं झाली. दोनशे वर्षांत रस्ता का झाला नाही, याचा जाब तोलेदोला विचारता येत नाही.

स्वातंत्र्याच्या लढ्याकडेही नीट पाहायला हवं. पहिला मोठा उठाव ज्यांनी केला ते स्वातंत्र्याच्या दिवशी हजर नव्हते. नोव्हेंबर १७८० मध्ये कुस्कोजवळ होसे गाब्रिएल कोंदोरकांकीने, म्हणजे दुसऱ्या तुपाक आमारूने, स्थानिक अंमलदाराला पकडून फाशी दिलं. अंमलदार लोकांच्या गळ्यात नको तो माल चढ्या भावाने मारत, त्याचा हा संताप होता. मिताचा होता, करांचा होता. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या चौकात त्याच्यासमोर त्याची पत्नी आणि उठावाची खरी सूत्रधार मिकाएला बास्तिदास, आणि थोरला मुलगा यांना मारण्यात आलं. मग त्याचे हातपाय चार घोड्यांना बांधले. शरीर फाटेना, तेव्हा शिर कापलं. त्यानंतर इंका पोशाखावर आणि केचुआ भाषेवर बंदीचे हुकूम निघाले.

या उठावाने सर्वांत जास्त घाबरले ते क्रिओयो. क्रिओयो म्हणजे अमेरिकेत जन्मलेले स्पॅनिश वंशाचे लोक. त्यांना स्पेनहून येणाऱ्या अधिकाऱ्यांचा राग होताच, पण खालून उसळणाऱ्या लोकांची धास्ती त्याहून मोठी होती. मेक्सिकोत १६ सप्टेंबर १८१० रोजी पाद्री मिगेल इदाल्गोने घंटा वाजवून गोरगरिबांना हाक दिली. त्याला १८११ मध्ये गोळ्या घातल्या. गुलामगिरी आणि जातिभेद संपवा म्हणणाऱ्या होसे मारिया मोरेलोसला १८१५ मध्ये. आणि १८२१ मध्ये स्वातंत्र्य आणलं कोणी? आगुस्तिन दे इतुर्बिदेने, ज्याने वर्षानुवर्षं राजाच्या बाजूने याच बंडखोरांना चिरडलं होतं. स्पेनमध्ये १८२० साली उदारमतवाद्यांचं सरकार आलं, आपले विशेषाधिकार जातील अशी भीती वाटू लागली, म्हणून आता स्वातंत्र्य. पुढच्याच वर्षी तो सम्राट झाला.

सगळे नेते असे होते असं मी म्हणत नाही. स्वातंत्र्यलढ्याचा सेनापती सान मार्तिनने ऑगस्ट १८२१ मध्ये पेरूत हुकूम काढला, की यापुढे कोणाला 'इंडियन' म्हणायचं नाही, सगळे 'पेरुवियन'. आणि त्यांच्याकडून घेतला जाणारा जातीचा कर बंद. तो हुकूम वाचताना अंगावर काटा येतो. पण १८२६ मध्ये तोच कर परत आला, आणि कराचं नाव ठेवलं 'मूळ रहिवाशांची वर्गणी'. तो थेट १८५४ पर्यंत चालला. तिजोरी रिकामी, लष्कराचा खर्च मोठा, आणि ज्यांच्या हाती सत्ता होती ते स्वतःवर कर लावायला तयार नव्हते. मग पुन्हा डोंगरातल्या माणसाच्याच खिशात हात.

यानंतर जे झालं ते मला सर्वांत जास्त छळतं, कारण ते चांगल्या शब्दांत झालं.

स्पेनच्या राजवटीत मूळ रहिवाशांच्या गावांना सामाईक जमीन असे. राजाला कळवळा होता म्हणून ती टिकली, असं मानायचं कारण नाही. गाव उभं राहिलं तर कर आणि वेठ मिळणार, एवढाच हिशेब. पण त्या हिशेबापोटी का होईना, गावाकडे राजाच्या शिक्क्याचा कागद होता आणि त्या कागदावर दावा लावता येत होता. नव्या प्रजासत्ताकांतल्या सुशिक्षितांना ही व्यवस्था मागासलेली वाटली. कायद्यापुढे सगळे समान, मग एका जमातीला वेगळी सामाईक मालकी कशाला? प्रत्येकाला त्याचा तुकडा द्या, तो मालक होईल, मेहनत करेल, पुढे जाईल. स्वातंत्र्यलढ्याचा दुसरा मोठा सेनानी बोलिव्हार, त्याने १८२४ मध्येच तसा हुकूम काढला. मेक्सिकोत १८५६ च्या लेर्दो कायद्याने चर्चबरोबर गावांनाही जमीनमालकी नाकारली. बोलिव्हियाने १८७४ मध्ये, एल साल्वादोरने १८८१-८२ मध्ये तेच केलं.

आपल्यापैकी ज्यांनी तलाठी, मोजणी आणि मुद्रांक या तीन गोष्टींचा अनुभव घेतलाय त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. तुकडा नावावर करायचा तर मोजणीची फी, शिक्क्याच्या कागदाचे पैसे, आणि सगळं स्पॅनिशमध्ये. गावात स्पॅनिश वाचणारा एखाददुसरा. तुकडा नावावर झाला की तो विकता येतो, गहाण पडतो, दारूच्या किंवा औषधाच्या कर्जात जातो. गायरान विकता येत नव्हतं, कारण ते कोणा एकाचं नव्हतं. बोलिव्हियात १८८० मध्ये शेतजमिनीचा साधारण निम्मा हिस्सा मूळ रहिवाशांच्या गावांकडे होता. १९३० पर्यंत तो एक तृतीयांशाच्या खाली आला. पन्नास वर्षांत एवढं. इतिहासकार जेफ्री विल्यमसन म्हणतात, की लॅटिन अमेरिकेतली विषमता खरी भडकली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निर्यातीच्या तेजीच्या काळात. कॉफी, साखर, कथील यांना भाव आला तशी जमिनीची हाव वाढली. मला त्यांचं म्हणणं पुरतं पटतं असं नाही, पोतोसी डोळ्यांपुढून हलत नाही. पण तेजीबद्दल ते बरोबर आहेत.

आता या कागदांची गोष्ट. बोलिव्हियात १८८३ मध्ये सवलत मिळाली, की ज्या गावांकडे स्पेनच्या राजाकडून विकत घेतलेल्या जमिनीचे जुने दस्त असतील त्यांना हा कायदा लागू नाही. मग आयमारा या मूळ रहिवाशांच्या गावांचे पुढारी ते दस्त शोधत निघाले. १९१० च्या दशकापासून पुढे सांतोस मार्का तुला हे त्यातलं मोठं नाव. जुने दप्तरखाने धुंडाळायचे, पायी प्रवास करायचा, लेखनिकाकडून अर्ज लिहून घ्यायचे, अटक झाली तर भोगायची. ज्या स्पेनने त्यांच्या पूर्वजांना खाणीत ढकललं, त्याच स्पेनच्या राजाचे सतराव्या शतकातले शिक्के हातात धरून ही माणसं आपल्याच प्रजासत्ताकापासून आपली जमीन वाचवत होती. स्वातंत्र्य कोणाचं झालं हे समजायला मला एवढं पुरेसं आहे.

मेक्सिकोतही तेच. मोरेलोस प्रांत उसाचा. रेल्वे १८८१ मध्ये कुआउत्लापर्यंत आली, नवे साखर कारखाने आले आणि आसिएंदांना, म्हणजे बड्या जमीनदारी मळ्यांना, आणखी ऊस, आणखी पाणी, आणखी जमीन हवी झाली. आनेनेकुइल्को नावाच्या चारेकशे वस्तीच्या गावाची शेतं कुंपणात गेली. १२ सप्टेंबर १९०९ रोजी गावच्या म्हाताऱ्यांनी सभा घेऊन आता आमच्याने होत नाही असं सांगितलं, आणि तीस वर्षांच्या सापाताला पुढारी निवडलं. त्याच्या हाती त्यांनी काय दिलं? कागदांची एक पेटी. त्यात गावाच्या जमिनीचे राजाच्या काळातले दस्त होते, काही नाहुआत्ल भाषेतले, जे त्याला वाचता येत नव्हते. ते वाचून घेण्यासाठी त्याने माणसं पाठवली. पुढे लढाईवर जाताना त्याने ती पेटी फ्रान्सिस्को फ्रँको या आपल्या माणसाकडे सोपवली आणि बजावलं, हे कागद हरवलेस तर कासाउआतेच्या झाडाला लटकून वाळशील. हे वाचलं त्या दिवशी मी गावी फोन लावला आणि आजीला विचारलं, पेटीला डांबरगोळ्या घातल्यास का.

काही ठिकाणी तर स्पेनला जे जमलं नाही ते स्वतंत्र देशांनी करून दाखवलं. चिलीच्या दक्षिणेतले मूळ रहिवासी मापुचे स्पेनला कधी हरले नाहीत. १६४१ मध्ये किलिन इथे तह झाला आणि बिओबिओ नदी ही हद्द ठरली. ती हद्द ओलांडून १८६१ ते १८८३ च्या दरम्यान आलं ते स्वतंत्र चिलीचं सैन्य, आणि त्या मोहिमेचं सरकारी नाव होतं 'शांतता प्रस्थापना'. मापुचेंना शेवटी सुमारे पाच लाख हेक्टरांच्या तुकड्यांत कोंबलं. त्याच सुमारास अँडीजच्या पलीकडे अर्जेंटिनाने 'वाळवंटाची मोहीम' काढली. माणसं राहत होती त्या मुलखाला वाळवंट म्हटलं. ती चालवणारे जनरल रोका पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि अलीकडच्या काळापर्यंत शंभर पेसोच्या नोटेवर त्यांचा चेहरा होता. मेक्सिकोतल्या याकी या मूळ रहिवाशांना तेव्हाचा हुकूमशहा पोर्फिरियो दियास याच्या सरकारने घरंदारं सोडायला लावून दूर युकातानच्या घायपाताच्या मळ्यांत नेऊन सोडलं.

इथे लोपेस ओब्रादोर यांना एक श्रेय द्यायला हवं. २०२१ मध्ये त्यांनी स्वतः जाऊन माया आणि याकी लोकांची मेक्सिकोच्या सरकारच्या वतीने माफी मागितली. राजाला लिहिलेल्या पत्राची जगभर बातमी झाली. या माफीची मात्र आमच्या वर्गात कोणालाच माहिती नव्हती, मलाही शोधावी लागली. ज्यांच्या हाती आज जमीन आहे त्यांच्याकडे बोट जाणारी माफी लवकर विसरली जाते.

जमीन गेली की माणसाचं काय होतं, हे एका शब्दातून कळतं: पोंगो. मूळ केचुआ शब्द पुंकू, दार. बोलिव्हियाच्या आसिएंदांवर राहणाऱ्या कुटुंबांना मालकाच्या शेतावर तर फुकट राबावं लागेच, शिवाय पाळीपाळीने आठवडाभर त्याच्या शहरातल्या घरी चाकरी करावी लागे. जो पाळीवर असेल तो रात्री दाराशी झोपे, म्हणून पोंगो. त्याला मजुरी नाही. मालकाला स्वतःला त्याची गरज नसली तर तो पोंगो दुसऱ्याला भाड्याने दिला जाई. ला पासच्या वर्तमानपत्रांत जाहिराती येत: पोंगो भाड्याने देणे आहे, ताकियासह. ताकिया म्हणजे चुलीत घालायच्या लामाच्या वाळलेल्या लेंड्या. त्या पोंगोने आपल्या गावाहून पाठीवर आणायच्या. ही विसाव्या शतकातली गोष्ट आहे. देश स्वतंत्र होऊन शंभर वर्षं झाली होती. ट्रामगाड्या होत्या, संसद होती, मंत्रिमंडळं बदलत होती आणि दाराशी माणूस झोपलेला होता. १९५२ ची क्रांती आणि १९५३ चा जमीन कायदा आल्यावरच हे कायमचं थांबलं.

त्या क्रांतीने आणखी एक गोष्ट केली, मत दिलं. बोलिव्हियात १९५१ च्या निवडणुकीत सव्वा लाखांच्या आसपास मतं पडली. १९५६ मध्ये साडेनऊ लाखांच्या वर. मधल्या पाच वर्षांत लोकसंख्या एवढी वाढली नव्हती. निरक्षरांना मत नाही हा नियम गेला होता. पेरूत निरक्षरांना मतदानाचा हक्क १९७९ च्या राज्यघटनेने दिला, स्वातंत्र्यानंतर १५८ वर्षांनी. शाळा नाही, असली तर तुमच्या भाषेत नाही, आणि वाचता येत नाही म्हणून मत नाही. आमच्या पणजोबांनी १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत अंगठा उठवणाऱ्या माणसाच्या हाताने मत टाकलं, आणि पाच वर्षांनी, १ एप्रिल १९५७ ला, कायद्याने ते कसत असलेल्या जमिनीचे मालक ठरले. या दोन गोष्टी पाठोपाठ आल्या हा योगायोग नाही. मत असलेल्या कुळाला टाळणं अवघड जातं.

याचा अर्थ आपलं सगळं छान झालं असाही नाही. कूळ म्हणून ज्यांची नोंदच नव्हती, त्या शेतावर राबणाऱ्या दलित मजूर कुटुंबांना त्या कायद्यातून काही मिळालं नाही. आजोबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत आणि मी कधी विचारलं नाही, याचं मला आज वाईट वाटतं. २००६ च्या वनहक्क कायद्यातही आदिवासींखेरीज इतर पारंपरिक वनवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागितला जातो. ज्यांना कागद कधी दिलाच नाही त्यांच्याकडे कागद मागणं आपल्यालाही चांगलं जमतं.

पेरूकडे परत येते. १९८० ते २००० या काळात तिथे 'शायनिंग पाथ' या सशस्त्र संघटनेचा हिंसाचार आणि सैन्याची कारवाई यांत किती माणसं मेली, याचा अंदाज बरीच वर्षं जास्तीत जास्त पस्तीस हजारांचा होता. २००३ मध्ये सत्यशोधन आयोगाने आपला अंदाज दिला: ६९,२८०. चारांतल्या तिघांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी मूळ भाषा. म्हणजे हजारो माणसं मेली आणि राजधानीतल्या हिशेबात ती नव्हतीच. जिवंतपणी नोंद नव्हती, मेल्यावरही झाली नाही.

स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, २८ जुलै २०२१ रोजी, काहामार्काच्या खेड्यातले शिक्षक पेद्रो कास्तियो राष्ट्राध्यक्ष झाले. पेरू जिंकणाऱ्या स्पॅनिश पिसारोचं नाव लागलेल्या राजवाड्यातून मी कारभार करणार नाही, असं ते पहिल्याच भाषणात म्हणाले. ते चांगले प्रशासक नव्हते, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी संसद बरखास्त करायचा जो प्रयत्न केला तो घटनाबाह्यच होता. त्यांना हटवणं योग्य होतं असं माझंही मत आहे. पण त्यानंतर दक्षिणेतल्या डोंगराळ भागात लोक रस्त्यावर आले, तेव्हा त्यांना मिळालेलं उत्तर पाहा. १५ डिसेंबरला आयाकुचोमध्ये सैन्याच्या गोळीबारात दहा जण मेले. ९ जानेवारी २०२३ ला हुलियाकात एका दिवसात सतरा. आयाकुचो म्हणजे तेच नाव, जिथे ९ डिसेंबर १८२४ च्या लढाईत स्पेनचं सैन्य निर्णायकपणे हरलं.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला, मी स्पेनला सोडून देते आहे. नाही. स्पेनने माणसाची किंमत रक्तावरून ठरवायची सवय लावली, जमीन मूठभरांना द्यायची सवय लावली, आणि स्पेन गेल्यावर तीच मूठभर माणसं खुर्चीत बसली. पण सवय मोडायची जबाबदारी खुर्चीत बसलेल्याची असते. दुसरा आक्षेप, यात अमेरिकेचा हात कुठे गेला? तोही आहे. ग्वातेमालात हाकोबो आर्बेन्स यांनी १९५२ मध्ये पडीक जमिनी वाटायला घेतल्या आणि १९५४ मध्ये अमेरिकेच्या मदतीने त्यांचं सरकार पाडलं गेलं. मात्र त्या दिवशी ग्वातेमालातल्या जमीनदारांना कोणी सक्तीने बाजूला उभं केलं नव्हतं, त्यांनी आनंद साजरा केला. आणि आज त्या देशात कराचं उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम बारा-तेरा टक्के आहे, तेही बाहेरच्या कोणी ठरवलेलं नाही.

'पाचशे वर्षांचं आहे, आता काय होणार' हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं. बोलिव्हियाचा विषमता मोजणारा गिनी निर्देशांक (जितका कमी तितकी विषमता कमी) २००० च्या सुमारास ०.६ च्या आसपास होता. २०१९ पर्यंत तो ०.४२ च्या जवळ आला. वायूच्या उत्पन्नातला मोठा वाटा सरकारकडे आला, ६० वर्षांवरच्या सगळ्यांना पेन्शन सुरू झालं, २००९ च्या घटनेने छत्तीस मूळ भाषांना स्पॅनिशच्या बरोबरीने बसवलं. पुढे वायू कमी झाला, डॉलरची टंचाई आली, राज्यकर्त्यांनी चुका केल्या. हे सगळं खरं. पण वीस वर्षांत तो आकडा हलला. पाचशे वर्षांचं ओझं ज्यांना दाखवायचं असतं त्यांनी ही वीस वर्षंही दाखवावीत.

म्हणून मेक्सिकोने माद्रिदला पत्र जरूर पाठवावं, पेरूने आणि बोलिव्हियानेही पाठवावं. आणि त्याच टपालाने दुसरं पत्र आपल्या महसूल खात्याला जावं: कोणत्या गावाची कोणती जमीन कोणत्या वर्षी कोणाच्या नावावर गेली, याची यादी द्या. तिसरं न्यायालयांना, की केचुआ, आयमारा, मापुदुंगुन बोलणाऱ्याला त्याच्या भाषेत फिर्याद देता येते का. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही तरी उरलेल्या दोनांना रोखणारा कोणी राजा आता नाही.

दिवाळीत गावी गेले तेव्हा आजीला सापाताची गोष्ट सांगितली. त्याला १९१९ मध्ये दग्याने मारलं, हे ऐकून ती काही बोलली नाही. मग फ्रान्सिस्को फ्रँकोचं सांगितलं, की सापातामागे अठ्ठावीस वर्षं त्याने ते कागद सांभाळले, गावाच्या हक्कासाठी भांडत राहिला, आणि १९४७ मध्ये मारला गेला. तेव्हा मेक्सिकोत स्पेनचा राजाही नव्हता आणि दियासही नव्हता, क्रांतीचं नाव सांगणाऱ्यांचंच सरकार होतं.

आजीने कमरेची पिशवी चाचपली. "आणि त्याचे कागद गं?"

वाचले, मी म्हटलं.